दारावरची कोरफड

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. तांदूळ निवडता निवडता आत्याने ती संपवली आणि वर न पाहताच म्हणाली, "ही तुझ्यापाशीच ठेव. उगाच कुणाला सांगत बसू नकोस. लोक ऐकतात आणि घाईने अर्थ लावतात." मी फारशी बोलत नाही, म्हणूनच बहुधा अशा गोष्टी माझ्यापाशी ठेवायला दिल्या जातात. पण लिहिणे म्हणजे सांगत बसणे नव्हे, अशी मी माझी समजूत घालून घेतली आहे.

एकदा एक कोरफड एका दारावर टांगलेली होती, तिथून ही गोष्ट सुरू होते.

घर खाडीच्या काठी होते आणि ते आवडाबाई नावाच्या विधवेचे होते. तिला दोन मुले होती. थोरला राघो एका व्यापाऱ्याच्या गलबतावर खलाशी होता. धाकटी मथी दहा-अकरा वर्षांची. नारळी पौर्णिमा झाल्यावर राघोचे गलबत निघाले, त्या दिवशी आवडाबाईने परसातली एक कोरफड मुळासकट उपटली, माती झटकली आणि काळ्या दोऱ्याने दाराच्या चौकटीला उलटी बांधली. मुळे वर, शेंडा खाली. दृष्ट लागू नये म्हणून अशी कोरफड पुष्कळ ठिकाणी टांगतात. पण त्या खाडीकाठी आणखी एक समज होता. ज्याच्या नावाने कोरफड टांगली तो दर्यावर असेपर्यंत तिच्याकडे पाहायचे. ती हिरवी, तर तो सुखरूप.

त्याच गावाच्या वरच्या अंगाला एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्याजवळ एक तरुण शिष्य शिकत होता. दारादारांवर टांगलेल्या या कोरफडी पाहून त्याने एकदा गुरूंना विचारले होते, "गुरुजी, माती नाही, पाणी नाही, आणि तरी ही महिनोन्‌महिने हिरवी कशी राहते?"

वैद्यांनी अंगणातल्या कोरफडीचे एक पान कापून त्याच्या हातात दिले. "चाटून पाहा."

शिष्याने कापलेल्या कडेला जीभ लावली आणि तोंड वेडेवाकडे केले.

"कातडीखालचा तो पिवळा रस. कोणी तोंड लावू नये म्हणून ठेवलेला," वैद्य हसून म्हणाले. "त्याच्या आत बघ, गर आहे. स्फटिकासारखा निवळ. सगळं पाणी तिथं. बाकीची झाडं दिवसा श्वास घेतात, ही दिवसा तोंड मिटून बसते आणि रात्री गारव्यात श्वास घेते, म्हणजे आतलं पाणी उन्हाने उडून जायला नको. मोठी सोशिक जात आहे ही."

शिष्याला हे फार आवडले. मात्र ते केवळ झाडाबद्दल आहे, असे त्याला तेव्हा वाटले.

शिमग्याच्या आधी तो व्यापारी पायवाटेने गावात आला. गलबत आले नाही, एकटा व्यापारी आला, यावरून लोकांना समजायचे ते समजले. तो आवडाबाईच्या अंगणात पागोटे हातात घेऊन उभा राहिला. आवडाबाई विळीवर मासे कापत होती.

"बाई," तो म्हणाला, "वादळात गलबत खडकावर गेलं. फळी फळी झाली. कुणी हाती लागलं नाही."

आवडाबाईने विळी आडवी केली, हात धुतले, आणि दाराकडे बोट दाखवले.

"शेठ, तुमचं गलबत बुडालं असेल. माझी कोरफड हिरवी आहे."

व्यापाऱ्याने वर पाहिले. कोरफड खरोखरच हिरवी होती. तो तसाच वैद्यांकडे गेला आणि म्हणाला, "तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकेल. माझ्याच्याने होत नाही." वैद्य म्हणाले, "सांगीन." पण दिवस गेले आणि त्यांनी सांगितले नाही.

आवडाबाईने राघोचे दिवस घातले नाहीत. कोणी समाचाराला आले तर ती म्हणे, "कुणाच्या? आमच्याकडे काही झालेलं नाही." रोज संध्याकाळी ती राघोच्या वाटणीचा भात झाकून ठेवी आणि दुसऱ्या दिवशी तोच शिळा भात मथीच्या ताटात पडे. मथी तो खाऊन ताट घासून ठेवी.

मग वैशाख आला. ऊन असे पडू लागले की खाडीचा चिखलही भेगाळला. कोरफडीची बाहेरची पाने बारीक झाली, दुमडली, तांबूस पडली. ते पाहून आवडाबाईने खाणेच सोडले. ती उंबऱ्यात बसून वर पाहत राही. शेजारीण कुंपणावरून म्हणे, "काय गं आवडे, कोरफड बघून पोट भरतं का? आम्हालाही सांग, तांदूळ तरी वाचतील."

आवडाबाई तिच्याकडे पाठ फिरवी आणि पुन्हा वर पाही.

एके दिवशी मथी वैद्यांकडे आली. "आजोबा, भूक लागायचं औषध असतं का?"

"कुणाला?"

"आईला."

वैद्यांनी पुडी बांधून दिली आणि शिष्याला तिच्याबरोबर धाडले. शिष्याने आवडाबाईला पाहिले. तिच्या हाताची कातडी त्या दारावरच्या पानांसारखी झाली होती. पुडीने हे बरे व्हायचे नाही, एवढे त्याला कळत होते. दुसऱ्या दिवशी आवडाबाई विहिरीवर गेल्याचे पाहून त्याने गुरूंच्या बागेतली एक टवटवीत कोरफड उपटून आणली, जुनी सोडली, त्याच काळ्या दोऱ्याने नवी बांधली आणि जुनी कुंपणापलीकडे टाकून दिली.

आवडाबाई परत आली. तिने वर पाहिले. डोक्यावरची कळशी तिने कशी खाली ठेवली हे तिला स्वतःलाही कळले नसेल.

"मथे! मथे, बाहेर ये! पानं भरली गं!"

त्या दिवशी ती जेवली. दोनदा भात मागून घेतला. शिष्याला हे समजले तेव्हा त्याला वाटले, विद्येचा उपयोग तो हाच. गुरूंना मात्र त्याने काही सांगितले नाही. आपण चांगले काम केले आहे आणि ते लपवतो आहोत, या दोन गोष्टी एकत्र कशा, हा विचार त्याच्या मनात आला होता. त्याने तो बाजूला सारला.

चार-सहा दिवसांनी शेजारीण वैद्यांकडे गुडघ्याला तेल मागायला आली आणि बोलता बोलता म्हणाली, "ऐकलंत का? आवडा निघाली. उद्या सकाळी नारळांचं गलबत सुटतंय ना, त्यावरून."

"कुठे निघाली?"

"लेकाला आणायला! म्हणते, पानं भरली म्हणजे तो कुठेतरी किनाऱ्याला लागलाय, त्याला येता येत नसेल, मीच जाते. मथीला माझ्याकडे ठेवणार म्हणे. मी म्हटलं, बाई, कोंबड्या ठेवते, त्या निदान अंडी घालतात. पोरीचं बघू." मग पदराने नाक पुसत म्हणाली, "थोड्या दिवसांनी दर्या बंद होईल. पावसाळाभर तिकडेच अडकेल. असल्या खंगलेल्या अंगाने कुठे परत येतेय ती!"

वैद्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली. "पानं भरली? वैशाखात? टांगलेल्या कोरफडीची?"

शिष्य खाली मान घालून खल घासत होता. वैद्यांनी त्याच्याकडे पाहिले. फक्त काठी घेतली आणि म्हणाले, "चल."

ते पोहोचले तेव्हा आवडाबाई एका धडप्यात भाकरी आणि राघोचा एक सदरा बांधत होती. मथी चुलीपाशी बसली होती. वैद्य दाराखाली उभे राहिले आणि त्यांनी कोरफडीचे एक पान बोटांत धरले.

"मथे, इकडे ये. या पानावर काय दिसतं?"

मथी आली. पण तिने पानाकडे पाहिलेच नाही. "पांढरे ठिपके," ती म्हणाली.

"राघोच्या कोरफडीवर होते?"

मथीने आईकडे पाहिले, मग जमिनीकडे. "नव्हते."

"ठिपके कोवळ्या झाडाला असतात," वैद्य आवडाबाईला म्हणाले. "झाड मोठं झालं की जातात. गेलेले ठिपके परत येत नाहीत." मग पुन्हा मथीला, "तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"आई जेवली," मथी म्हणाली.

मथी आत गेली, कोंबड्यांची पालथी टोपली उचलली आणि कुंपणापलीकडून उचलून तिच्याखाली जपून ठेवलेली ती जुनी कोरफड घेऊन आली. पाने वाळून कागदासारखी झाली होती.

आवडाबाईने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा दाराकडे. "ही कुणी बदलली?"

शिष्य पुढे झाला. "मी, काकी."

"का रे?"

"तुम्ही जेवत नव्हतात."

आवडाबाई त्याच्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि म्हणूनच ते ऐकवेना. "एकदा दर्याने बुडवलं त्याला. दुसऱ्यांदा तू बुडवलंस."

आता वैद्य तिला समजावतील, धीर देतील, असे शिष्याला वाटले. पण वैद्यांनी दारावरची हिरवीगार कोरफड सोडून बाजूला ठेवली, मथीच्या हातातली वाळकी घेतली आणि ती आवडाबाईच्या मांडीवर ठेवली.

"सोल," ते म्हणाले.

"काय?"

"वरची पानं काढ. मेलेली आहेत, दुखणार नाहीत."

आवडाबाईने एक पान ओढले. ते सहज निघाले. मग दुसरे. कोरड्या पानांचा बारीक आवाज तेवढा येत होता.

"माती नाही, पाणी नाही. हिने इतके महिने काय खाल्लं?"

"वारा खाते म्हणतात."

"वाऱ्याने कुणाचं पोट भरलंय, आवडे? ही स्वतःलाच खाते. बाहेरची पानं मुकाट्याने सुकवते आणि त्यांतलं पाणी आत नेते. सगळ्यांत जुनं पान आधी. राघो कुठे आहे ते हिला कधीच ठाऊक नव्हतं. तो जगला असता तरी ही अशीच राहिली असती."

आवडाबाईचे हात थांबले होते. पाने काढता काढता मध्यभागी हिरवा कोंब लागला होता, बोटाएवढा, घट्ट मिटलेला. उलटे टांगूनही तो वळून उजेडाच्या बाजूला वर वाकला होता. आणि मुळांच्या झुबक्यात एक पिल्लू फुटले होते, करंगळीएवढे, फिकट. तिने ते बोटाने चाचपले. मग तिची नजर मथीच्या हाताकडे गेली. मथीची बांगडी मनगटावर ठरत नव्हती, कोपरापर्यंत सरकत होती. ती बांगडी दिवाळीत घट्ट बसली होती.

"ही मातीत लाव," वैद्य म्हणाले.

"लावली तर तो गेला असं होईल."

"नाही लावलीस तरी तो गेलाच आहे, बाई. शेठने मला शिमग्याआधीच सांगितलं होतं. तुला सांगायला मी दोनदा या कुंपणापर्यंत आलो आणि परत फिरलो."

आवडाबाई उठली. तुळशीपलीकडच्या मोकळ्या जागेत बसून तिने हातांनीच खड्डा केला. कोरफड सुलटी धरली, मुळे खाली, शेंडा वर, आणि माती ओढली. माती दाबून झाली तरी तिचे हात तिथून निघेनात. आणि मग ती रडली. शिमग्यापासून जे आत धरून ठेवले होते ते सगळे एकदम बाहेर आले. मुलाचे नाव घेऊन ती असे ओरडली की बंदरावरची माणसे थबकली.

शेजारणी धावत आल्या. टोमणे मारणारी ती शेजारीण सर्वांत पुढे होती आणि तिच्याही डोळ्यांना धार लागली होती. तिने आणलेल्या तांब्यातले थोडे पाणी आवडाबाईच्या तोंडाला लावले आणि उरलेले कोरफडीच्या बुंध्याशी ओतायला ती वाकली, तोच वैद्यांनी तांब्या वरच्यावर धरला.

"झाडाला नको."

"अहो, उन्हाने वाळलंय हे! मरेल!"

"आज नको. आणि तिलाही आज कुणी काही सांगू नका. देवाची इच्छा, नशिबाचा खेळ, पोरीकडे बघ, काही नको. नुसत्या बसा."

"तुम्ही वैद्य आहात की वैरी?" ती संतापून म्हणाली. पण बसली. मथी आईच्या पाठीला टेकून बसली. वैद्यांनी कुंपणाची एक झावळी काढून झाडावर तिरकी उभी केली, म्हणजे ऊन थेट पडू नये, आणि ते निघाले.

वाटेत शिष्याला राहवले नाही. "गुरुजी, सुकून गेलेल्या झाडाला तुम्ही पाणी घालू दिलं नाहीत आणि तुटून पडलेल्या बाईला धीराचा शब्द बोलू दिला नाहीत. हे मला कळलं नाही."

वैद्य थांबले. "उपटलेल्या मुळांना जखमा झालेल्या असतात," ते म्हणाले. "त्या उघड्या असताना पाणी घातलंस तर झाड आतून कुजतं. वरून मात्र काही दिवस टवटवीत दिसतं, म्हणून घालणाऱ्याला वाटतं, आपण जगवलं. कोरफडीला आधी माती द्यावी, सावली द्यावी, आणि जखम सुकेपर्यंत वाट पाहावी. पाणी त्यानंतर. माणसाच्या दुःखाचंही तसंच आहे. तू पाणी घाईने घातलंस. मी माती उशिरा दिली. दोघांचंही चुकलं. पण तुझ्या चुकीत दया होती, म्हणून ती लवकर ओळखू आली नाही. माझ्या चुकीत नुसती भीती होती."

शिष्याने वाकून नमस्कार केला नाही. गुरूंच्या तोंडून असे काही त्याने पूर्वी ऐकले नव्हते.

दुसऱ्या सकाळी नारळांचे गलबत सुटले. शीड खाडीच्या मुखापर्यंत अंगणातून दिसत होते. आवडाबाईने ते पाहिले, पण ती जागची उठली नाही. पुढे तिने मुलाचे दिवस घातले आणि गावाने तिच्याबरोबर दुखवटा पाळला.

शिष्य रोज तिच्या अंगणात जाऊन बसू लागला. पहिल्या दिवशी तिने त्याच्याकडे पाठ केली. दुसऱ्या दिवशीही. त्याने क्षमा मागितली नाही, कारण क्षमा मागणे म्हणजे पुन्हा तिच्याकडूनच काहीतरी मागणे, हे त्याच्या लक्षात आले होते. तो नुसता बसे, झावळी सरकली असेल तर नीट करी, आणि परत जाई.

मग एके सकाळी मथीने कोरफडीचा कोंब हलकेच हलवून पाहिला. तो हलला नाही. मातीने त्याला धरले होते.

"आता?" तिने शिष्याला विचारले.

त्याने बोटाने माती चाचपली आणि मान हलवली. मथी आत जाणार तोच आवडाबाईच तांब्या घेऊन बाहेर आली. तिने धार अगदी बारीक धरली आणि माती जेवढे पीत होती तेवढेच पाणी घातले. रिकामा तांब्या तिने तुळशीपाशी ठेवला. मग शिष्याकडे न पाहता म्हणाली, "भात टाकलाय. जेवून जा."

तो जेवायला बसला. ताटे तीनच होती. राघोच्या वाटणीचे चौथे झाकून ठेवलेले नव्हते. ते त्याला दिसले आणि त्याने ताटातला भात शेवटच्या शितापर्यंत संपवला.

गोष्ट एवढीच आहे. आत्या म्हणते तसा घाईने अर्थ लावायचा नाही, म्हणून मी दोन दिवस थांबून हे शेवटचे लिहिते आहे. मला वाटते, दुःखी माणसाकडे जाताना आपण सगळेच हातात भरलेला तांब्या घेऊन जातो आणि तो लवकर रिकामा करून मोकळे व्हावे अशी घाई आपल्यालाच असते. तो तांब्या खाली ठेवून नुसते जवळ बसता आले तर...

आई दारातून हाक मारते आहे. समोरच्या नंदाताईंचे वडील काल गेले, त्यांच्याकडे बसायला जायचे आहे, आणि तिथे गेल्यावर काय बोलायचे हे मला ठाऊक नाही. नुसती बसेन.